कुलूपवाल्यांचा शेवटचा हंगाम

शनिवार, ४ एप्रिल

कुलूपवाले जाणार. आज सामना सुरू व्हायच्या आधी कर्ण्यावरून जाहीर केलं : आपल्या क्लबचे मॅनेजर बावीस वर्षांच्या सेवेनंतर या हंगामाच्या अखेरीस निवृत्त होत आहेत. त्यांना सगळं मैदान कुलूपवाले म्हणतं, कारण आपला एक गोल झाला की उरलेल्या वेळासाठी ते दुकान बंद करतात. सत्तराव्या मिनिटाला एक आघाडीचा खेळाडू बाहेर, एक बचावाचा आत. हा विधी त्यांनी ऊन-पाऊस न बघता बावीस वर्षं पार पाडला आहे.

या बावीसपैकी एकवीस वर्षं मी, हे गृहस्थ जावेत म्हणून घसा फोडला. (पहिलं वर्ष संधी दिली होती. तशी मी सगळ्यांनाच देतो.) तेव्हा आज आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण जाणवला नाही. दुपारी कार्यालयातल्या कँटीनमध्ये खाल्लेलं अंडं बहुधा शिळं असावं.

शेजारी मामा होते. मामा म्हणजे माझे सासरे. काटेकोर बोलायचं तर सात वर्षांपूर्वीपर्यंतचे सासरे. घटस्फोटानंतर घराचं, भांड्यांचं, पुस्तकांचं काय करायचं हे कायदा सांगतो. मैदानावरच्या ब रांगेतल्या दोन शेजारच्या खुर्च्यांबद्दल तो मौन पाळतो. घटस्फोटानंतरच्या पहिल्या सामन्याला मी माझी खुर्ची सोडतो असं सांगायलाच गेलो होतो. मामांनी थर्मास उघडला आणि म्हणाले, "दोन कप आणलेत." त्या विषयावर आमचं झालेलं बोलणं एवढंच.

मामा कुलूपवाल्यांचे निस्सीम भक्त. आमच्यात एक नियम आहे. हरलो तर बसथांब्यापर्यंत मी बोलायचं, जिंकलो तर मामांनी. बरोबरी झाली तर दोघांनीही गप्प बसायचं. आज शून्य-शून्य. त्यामुळे इतकी मोठी बातमी हातात असून आम्ही मुक्यासारखे चालत होतो. थांब्यावर नियम संपतो. मामा म्हणाले, "बरं झालं तुमचं, जावईबापू."

"हो ना," मी म्हटलं.

मामा वर्षानुवर्षं सगळ्या ब रांगेला ऐकवत आले आहेत की हा माणूस आहे तोवर मी या खुर्चीत. तो गेला की मीही मोकळा. आज त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. बस लवकर आली म्हणून असेल.


सोमवार, ६ एप्रिल

मी नगरपालिकेचा वार्ताहर. संस्कृत घेऊन एम.ए. झालो आणि गेली सव्वीस वर्षं गटारांबद्दल लिहितो आहे. माझं टेबल झेरॉक्स मशीनला लागून आहे, त्यामुळे हिवाळ्यात मी सुखी असतो. समोर क्रीडावाला बसतो. वयाने माझ्या निम्मा, आत्मविश्वासाने दुप्पट.

"काका, पार्टी कधी?" त्याने आल्या आल्या विचारलं. "तुमची मागणी मान्य झाली."

मी विचारलं, त्यांच्या जागी कोण येतंय. म्हणाला, एक तरुण माणूस आहे. तीन आघाडीवीर खेळवतो.

"तीन? मग मागे कोण राहणार?"

त्याने खुर्ची फिरवली. "काका, तीन पुढे खेळवा म्हणून तुम्हीच डोकं खात होता ना?"

"मी तत्त्व म्हणून म्हणत होतो. लगेच अंमलात आणा असं कोण म्हणालं?"

त्याने खुर्ची परत फिरवली. या पिढीला तत्त्व आणि व्यवहार यांतला भेद कळत नाही.


बुधवार, ८ एप्रिल

मामांच्या कन्येचा फोन. (तिचा उल्लेख दुसऱ्या कोणत्या शब्दाने करायचा हे सात वर्षांत ठरलेलं नाही. हा शब्द निर्दोष आहे.) ती इथून तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात राहते. आमचं आता छान जमतं. एका घरात राहत नाही त्यामुळे वाद घालायला विषय लागतो, आणि तो सहसा सापडत नाही.

"बाबांचं ठरलं असं धरून चालते," ती म्हणाली. "जूनमध्ये इकडे येतील. मी खोली रंगवून घेतेय."

"कसलं ठरलं?"

"तेच म्हणायचे ना, मॅनेजर असेपर्यंत तिथे. मी किती वर्षं मागे लागलेय. एकटे राहतात, जिना चढतात, गॅस बंद केला की नाही हे दोनदा बघतात. आता त्यांना सबब उरली नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुला काही वाटत नाही?"

"मला काय वाटायचंय? वय झालंय त्यांचं. मुलीजवळ असावं हेच योग्य."

"तू ठीक आहेस ना?"

मी म्हटलं, उत्तम. फोन ठेवल्यावर मी या नव्या माणसाच्या आधीच्या संघाचे निकाल शोधून काढले. एका हंगामात एकसष्ट गोल खाल्ले आहेत. एकसष्ट. हा प्रश्न भावनेचा नाही. केवळ क्रीडादृष्ट्या पाहिलं तरी कुलूपवाल्यांनी निदान एक वर्ष थांबणं अत्यावश्यक आहे. मामा जावोत किंवा राहोत, त्याचा याच्याशी संबंध नाही.


रविवार, १२ एप्रिल

आमच्याच वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांत मी 'एक त्रस्त प्रेक्षक' या नावाने गेली कित्येक वर्षं कुलूपवाल्यांचा समाचार घेत आलो आहे. आज त्याच नावाने उलट पत्र लिहिलं. मॅनेजर महाशयांचं निर्गमन संघाला अनाथ करेल, प्रेक्षक किंकर्तव्यमूढ झाला आहे, त्यांनी फेरविचार करावा, वगैरे. चार वेळा वाचलं. ठीक जमलं आहे.

संपादकांनी फोन करून विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"कशावरून?"

"फुटबॉलच्या पत्रात किंकर्तव्यमूढ कोण लिहितं हो?"

मी म्हटलं, वाचकांचा स्तर उंचावतो आहे, त्याचं स्वागत करा. ते छापतो म्हणाले.


शनिवार, १८ एप्रिल

सामन्याआधी मामांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं, चष्मा नाकावर सरकवला आणि ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं. किंकर्तव्यमूढवर जरा थांबले.

"कोण असेल हो हा माणूस?"

"असेल कोणी विचारी."

"इतकी वर्षं शिव्या देत होता. आता म्हणतो जाऊ नका. तब्येत बरी आहे ना त्याची?"

"बरी असावी."

"वेळेवर जेवतो का?"

"मला काय ठाऊक, मामा."

त्यांनी घडी घालून वर्तमानपत्र परत खिशात ठेवलं.

सामना कंटाळवाणा. एक-शून्यने पुढे होतो. सत्तराव्या मिनिटाला नेहमीप्रमाणे आघाडीवीराला बाहेर बोलावलं. मी काही बोललो नाही. मामांनी कोपराने ढोसलं. "सत्तरावं मिनिट झालं. ओरडा की."

"जाऊ दे हो. शेवटचे चार सामने."

"मग? शेवटचे चार सामने म्हणून काय झालं? ओरडायची बंदी आहे का?"

मी ओरडलो, पण त्यात जोर नव्हता. मामांचा चेहरा पडला. आम्ही जिंकलो, म्हणजे नियमाप्रमाणे बोलायची पाळी मामांची. एरवी या वाटेवर ते कुलूपवाल्यांचं अख्खं चरित्र सांगतात. आज बाजारातल्या टोमॅटोबद्दल बोलले. त्यांना आता यात रस राहिला नाही, हे उघड आहे. मनाने ते कन्येकडे पोचलेच आहेत.


गुरुवार, २३ एप्रिल

नगरपालिकेत कुलूपवाल्यांचा सत्कार. मला कामानिमित्त जावंच लागलं. सहा भाषणं झाली. त्यांपैकी चार वक्त्यांना चेंडूचा आकार ठाऊक नसावा असं वाटलं. सत्कारमूर्ती एका अतिउंच खुर्चीत, पाय जमिनीला पुरत नाहीत अशा अवस्थेत बसले होते. जवळून पाहिले तर लहानखुरे आहेत.

कार्यक्रम संपल्यावर ते बाहेरच्या बोळात घरपट्टीच्या खिडकीसमोरच्या बाकावर, पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन, गाडीची वाट बघत बसले. मी जाऊन शेजारी बसलो. ओळख करून द्यायला 'नमस्कार, मी' एवढंच म्हटलं, तोच ते म्हणाले, "तुम्ही ब रांगेतले."

"तुम्ही मला ओळखता?"

"चेहरा आज पाहिला. आवाज रोजचा आहे. एकवीस वर्षं पाठीत ऐकतोय."

मी क्षमा मागण्याच्या बेतात होतो, पण ते हात हलवून म्हणाले, "असू दे. त्या आवाजावर मला वेळ कळायची. तुम्ही 'अहो, पुढे खेळा' म्हणालात की सत्तर मिनिटं झाली. घड्याळ बघायला नको."

मग मी मुद्द्यावर आलो. संघाची अवस्था, नव्या माणसाचे एकसष्ट गोल, एका वर्षाची विनंती. मुद्देसूद बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या रांगेतून तुम्ही दुसरे," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात एक वयस्कर गृहस्थ सरावाला आले होते. थर्मासवाले. त्यांनी चहा पाजला आणि हेच म्हणाले, एक वर्ष थांबा."

"मामा? ते कशाला?"

"म्हणाले, तुम्ही गेलात तर आमच्या जावयाला शिव्या द्यायला माणूस उरणार नाही. तो यायचा बंद होईल. एकटाच असतो, म्हणाले. शनिवारी तेवढा घराबाहेर पडतो."

मी म्हटलं, "मी रोज घराबाहेर पडतो. मी वार्ताहर आहे."

"मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. माझे दोन्ही गुडघे गेलेत. आणि मला एकदा तरी फुटबॉलचा सामना बसून बघायचाय, पाठीत कोणी बोंबलत नसताना." गाडी आली. त्यांनी पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. मला शिंका येतात."

बातमी चाळीस शब्दांची दिली. घरी आल्यापासून विचार करतो आहे. मामांची कमालच म्हणायची. मी कशाला यायचा बंद होईन? जायचं तर त्यांचं ठरलं आहे, खोली त्यांच्यासाठी रंगते आहे, आणि काळजी माझी. म्हातारपणी माणसं आपल्या मनातलं दुसऱ्याच्या नावावर लावतात, त्यातलाच प्रकार. फुलं बादलीत ठेवली आहेत. घरात फुलदाणी नाही, हे आज लक्षात आलं.


शनिवार, २ मे

मामा आले नाहीत. सकाळी फोन केला होता : "कन्येकडे चाललोय. खोली बघून येतो. सामना कसा झाला ते सांगा."

चहा मी नेला. दोन कप नेले, सवयीने. दुसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतला एक जाडजूड मनुष्य विचारायला आला, ही खुर्ची मोकळी आहे का. मी म्हटलं, माणूस येतोय. मध्यंतराला त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहे.

जिंकलो. म्हणजे बोलायची पाळी मामांची. थांब्यापर्यंत कोणीच बोललं नाही. रस्ता एवढा लांब आहे याची कल्पना नव्हती.

रात्री फोन केला नाही. त्यांनी काय ठरवलं हे विचारणं मला शोभणार नाही. मी कोण विचारणारा?


मंगळवार, ५ मे

क्रीडावाल्यावर विनाकारण डाफरलो. तो म्हणाला, "काका, तुम्हाला कुलूपवाल्यांचं जाणं फारच लागलेलं दिसतंय." मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. मग त्याला चहा पाजला.


गुरुवार, १४ मे

पुढच्या हंगामाचे पास काढायची उद्या शेवटची तारीख. कार्यालयातून सुटून क्लबच्या खिडकीवर गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "एकच की नेहमीचे दोन?"

मी म्हटलं, दोन.

मामांना विचारलेलं नाही. मामा इथे नसतीलच. तरी खुर्चीवर तो जाडजूड मनुष्य येऊन बसण्यापेक्षा ती रिकामी बरी. तिच्यावर छत्री ठेवता येईल. मनाची कारणमीमांसा याहून खोल करायची गरज नाही.


शनिवार, १६ मे

शेवटचा सामना. मैदान गच्च. मामा माझ्याआधी येऊन बसले होते, नवा शर्ट घालून. खोलीबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. चहा प्यालो.

पूर्वार्धात कॉर्नरवरून गोल झाला आणि सगळ्यांना कळलं की आता दुकान बंद होणार. सत्तरावं मिनिट आलं. कुलूपवाले खुर्चीतून उठले, गुडघे चोळले, आणि आघाडीवीराला बाहेर यायची खूण केली. आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. जे बावीस वर्षं या क्षणाला दात-ओठ खायचे तेसुद्धा. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अहो, पुढे खेळा."

कुलूपवाल्यांनी मागे न बघता एक हात वर केला.

मामा फार खूश झाले. "आज आवाज होता," म्हणाले. "आज तुम्ही बरे आहात."

सामना संपला, मिरवणूक झाली, माणसं पांगली. आम्ही बसून राहिलो. खालच्या पायऱ्यांवरून झाडूवाले वर येत होते. जिंकलो होतो, तेव्हा बोलायचं मामांनीच. त्यांनी कपातला शेवटचा घोट संपवला.

"खोली छान आहे," ते म्हणाले. "उजेड आहे. पलंग नवा घेतलाय तिने."

"अरे वा."

"खिडकीतून मैदान दिसतं."

"कोणतं?"

"पिवळ्यांचं."

पिवळे म्हणजे कन्येच्या शहरातला संघ. गेली पन्नास वर्षं मामा त्यांचं नाव घेत नाहीत, रंग सांगतात.

"सकाळी उठून दात घासताना पिवळे पळताना बघायचे का मी, या वयात?" मामा म्हणाले. "तिला सांगून आलो. महिन्यातून चार दिवस येईन, पडदा लावून ठेव."

मी कपात बघत राहिलो. तळाशी चहाची पूड होती.

"काल पास काढायला खिडकीवर गेलो," ते म्हणाले. "म्हटलं शेवटची तारीख आहे, तुम्ही विसरायचात. दोन द्या म्हणालो. बाई म्हणाल्या, तुमचे जावई कालच येऊन घेऊन गेले. दोन्ही."

"सवयीने," मी म्हटलं.

"हो, मला वाटलंच." मामा उठले, थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मी काही तुमच्यासाठी राहत नाही, हं, जावईबापू. तसा गैरसमज नको."

"छे हो. तुमच्यासाठी म्हणून मीही काढलेला नाही."

"मग झालं तर."

थांब्यापर्यंत मामा अखंड बोलत होते. बावीस वर्षांतला एकूण एक बचाव त्यांनी पुन्हा उभा केला. मी एका ठिकाणी, केवळ सौजन्य म्हणून, मान डोलावली तर ओरडले, "विरोध करा की."

घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संघ जिंकला की भूक लागते.


सोमवार, १८ मे

कन्येचा फोन. आवाजावरून रागावलेली असेल असं वाटलं होतं, पण हसत होती.

"येत नाहीत ते."

"कळलं. पिवळ्यांमुळे."

"तुला ते सांगितलं का? मला म्हणाले, जावयाला एकटं सोडवत नाही. जेवायचं भान नसतं त्याला, वर्तमानपत्रात वेड्यासारखी पत्रं लिहितो."

"मला?" मी म्हटलं. "अगं, मीच त्यांच्यासाठी गेला महिनाभर…"

"काय महिनाभर?"

"काही नाही."

"मी दोघांनाही एकदाच सांगते," ती म्हणाली. "मला आता दोन म्हाताऱ्यांची काळजी करायचीय की एकाची?"

मी म्हटलं, मी चोपन्न वर्षांचा आहे. ती म्हणाली, हो, तेच म्हणतेय. मग तिने त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या, कधी घ्यायच्या, ते मला लिहून घ्यायला लावलं, आणि जिन्याला कठडा बसवून घे म्हणाली. सुतार उद्या येतो आहे.

आज शांत झोप लागेल असं वाटतं. कुलूपवाल्यांच्या जाण्याचं मी उगाच मनाला लावून घेतलं होतं. मॅनेजर काय, येतात आणि जातात.


शनिवार, २२ ऑगस्ट

नव्या हंगामातला घरचा पहिला सामना. नवा माणूस तिशीचा, बाह्या दुमडलेला, मैदानाच्या कडेने येरझारा घालणारा. तीन आघाडीवीर, शब्दाला जागून. आम्ही तीन गोल केले. खाल्ले चार.

दुसरा गोल खाल्ला तेव्हा मामा उभे राहिले. तिसऱ्याला त्यांनी टोपी काढली. चौथ्याला ते जे म्हणाले ते इथे लिहिणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडी असे शब्द ऐकले नव्हते. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या.

हरलो, म्हणजे बोलायची पाळी माझी. पण मामा मैदानाच्या दारातूनच सुरू झाले. मी नियमाची आठवण करून दिली.

"ते जुन्या माणसाचं होतं," मामा म्हणाले. "बावीस वर्षं मी एका माणसाची बाजू घेतली. दमलो. आता तुमची पाळी. मी शिव्या देणार, तुम्ही बाजू घ्यायची."

"मी? याची?"

"मग कोण? तीन पुढे खेळवा म्हणून कोण ओरडत होतं?"

मामा तोंड सुटल्यासारखे बोलत होते, हातवारे करत होते, मध्येच थांबून फुटपाथवर काठीने बचावाची आकृती काढत होते. त्यांना इतकं तरतरीत मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. थांबा आला, बस आली, ती आम्ही सोडली. त्यांनी दम घेतला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. माझी पाळी होती.

"मामा," मी म्हटलं, "माणूस नवा आहे. त्याला जरा वेळ द्यायला हवा."

"किती वेळ?"

"वीस-बावीस वर्षं तरी."

मामांना डिसेंबरात एकोणऐंशीवं लागेल. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "चालेल."